कौतिकनानांच्या एकेचाळीस खिडक्या

दोंडाईच्याचे कौतिकनाना शाळेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले आणि समाजाच्या वधू-वर मंडळाच्या कामाला लागले. सहाशे बारा स्थळं त्यांनी संगणकावर एका मूळ तक्त्यात चढवली. त्या तक्त्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. येणाऱ्याला नाना 'व्ह्यू' करून देत. व्ह्यू म्हणजे तक्त्याला पाडलेली खिडकी; माल आतच, बाहेरून ज्याला जेवढं हवं तेवढंच दिसणार. रुक्माबाई अक्कांना नातीसाठी सासू नसलेली मुलं हवी होती, तर त्यांना तशी खिडकी. अशा एकेचाळीस खिडक्या झाल्या होत्या आणि म्हशींना द्यावीत तशी नानांनी प्रत्येकीला नावं दिली होती.

नानांची मुलगी भाविका गावातल्याच लॅबमध्ये रक्त तपासते. एकदा ती म्हणाली, "नाना, यादीतून माझं नाव काढा. मला इतक्यात लग्न नाही करायचं."

नानांचा हात धजेना. त्यांनी 'घरची' नावाच्या खिडकीला 'भाविका सोडून बाकी सगळे' अशी अट घातली आणि संगणकाचा पडदा तिच्यापुढे फिरवला. नाव नव्हतं. भाविकाने समाधानाने पोहे खाल्ले.

रविवारी चाळीसगावहून गाडीभर पाहुणे उतरले.

"तुमच्याच यादीत पाहिलं नाना," मुलाचे मामा म्हणाले. "पंचविसावी ओळ."

भाविकाने चहा दिला. पाहुणे गेल्यावर मात्र ती अहिराणीत बोलली, म्हणजे चांगलीच रागावली होती. "नाना, एक खिडकी बंद करी. मी घरमा बठेलच शे ना?"

एक खिडकी लावली तरी मुलगी आत बसलेलीच, हे नानांना कळलं. खाली बघत ते म्हणाले, "मूळ तक्त्यातूनच पुसतो. मग एकेचाळीसही खिडक्यांतून जाशील."

"मी एकटी जाऊन काय होणार? बाकीच्या पोरापोरींना तरी कुणी विचारलंय? एक रकाना वाढवा. 'स्वतःची इच्छा.' तिथे 'हो' असेल तरच खिडकीत दिसायचं."

नानांनी एकेचाळीस व्ह्यू नव्याने लिहिले. तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी खिडक्या उघडल्या तर आत सामसूम.

"का रे भो, बठ्ठा समाज कोठे गया?" नातीसाठी पुन्हा आलेल्या रुक्माबाई अक्कांनी सगळा समाज शोधत चष्मा पुसून पाहिला.

"जागेवरच आहे अक्का. विचारायचा राहिला होता."

मग नानांनी फोन जवळ ओढला. पहिली घंटी आतल्या खोलीत वाजली.

"भाविकाताई, वधू-वर मंडळातून बोलतोय. लग्नाची इच्छा आहे का?"

"आत्ता नाही, नाना."

"बरं." नानांनी रकान्यात 'नाही' लिहिलं. मग जरा घुटमळून विचारलं, "नाव तक्त्यात राहू देऊ?"

"राहू द्या."

नानांनी चष्मा सारखा केला आणि पुढचा नंबर फिरवला. सहाशे अकरा उरले होते.