उभ्या मोटरचा ताप
केनवडच्या आसपासच्या विहिरींवरची मोटर जळली, की ती शालिग्रामभाऊंच्या दुकानात यायची. तीस वर्षं हेच चाललं होतं. जळकी तार उपसायची, नवी भरायची, वार्निश पाजायचं. नुसत्या वासावरून ते सांगत, "ही एका फेजवर चालली," किंवा "हिच्यात पानी शिरलं." मोटर का तापते, हे त्यांना कधी कोणाला विचारावं लागलं नव्हतं.

पंचावन्नाव्या वर्षी त्यांच्या डोक्यात आलं, की लाकडावर आपोआप नक्षी कोरणारं सीएनसी यंत्र घरीच बनवावं. चौकोनी पाइपांची चौकट त्यांनी स्वतः वेल्डिंग केली. कोरायचं पातं इकडे-तिकडे आणि खाली-वर सरकवायला मुठीएवढ्या तीन स्टेपर मोटरी पार्सलने मागवल्या. प्रत्येक मोटरला वीज सोडणारी एक काळी डबी, ड्रायव्हर, भिंतीवर बसवली. पहिली पाटी बायकोच्या, तुळसाबाईंच्या नावाची कोरली. 'ळ' जरा वाकडा आला, तरी ती दारावर लागली.

दुसऱ्या दिवशी काम थांबवून, पण यंत्राची वीज चालू ठेवूनच ते जेवायला उठले. परत येऊन सहज मोटरवर हात ठेवला आणि चटका बसला.

"उभी मोटर तापून राह्यली?" ते स्वतःशीच म्हणाले. ओझं पडलं की मोटर तापते, हे त्यांना ठाऊक होतं. पण काम बंद, पातं बंद, आणि ही नुसती उभ्या उभ्या तापते, म्हणजे काय?

त्यांनी पातं सरकवणारे पट्टे सैल केले. तापली. पंखा लावला. तरी तापली. व्होल्टेज कमी असेल म्हणून मोजलं, तर ते बरोबर निघालं. शेवटी त्यांनी एक मोटर खोलली, मधला गाभा बाहेर काढून आत पाहिलं. तार कोरी करकरीत. पुन्हा जोडली, तर ती तापायची ती तापलीच, वर तिचा जोरही गेला. पातं फळीत अडकलं, की ती नुसती गुरगुरायची.

"तीस वर्षं गावाच्या मोटरी सुधरवल्या, अन् ही काहून नाही सुधरत?" तुळसाबाईंनी विचारलं.

"तेच तर समजून नाही राह्यलं!" शालिग्रामभाऊ चिडून म्हणाले. कामाच्या बाबतीत असं उत्तर त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच दिलं असेल.

दोन दिवसांनी त्यांनी पौर्णिमाला फोन लावला. पूर्वी ती त्यांच्याच दुकानात वायंडिंग शिकली होती आणि आता वाशीमला एका संस्थेत शिकवत होती.

"काका, ड्रायव्हरच्या बारक्या बटनांवर किती अँपिअर लावले?"

"चार. सगळ्यात वरचं."

"अन् मोटरवर काय लिहिलं आहे?"

"दोन. पन ते तं नुसती वरची हद्द ना, पोरी! पंपाच्या स्टार्टरच्या रिलेले मी दहा लावले म्हनून मोटर दहा थोडीच घेते? लागन तेवढंच घेते."

"पंपाची घेते, काका. हिले कोनी इचारतच नाही. जेवढं लावलं तेवढं ड्रायव्हर तिच्यात ढकलते. उभी असली तरी ढकलते, जागा धरून ठेवाले."

शालिग्रामभाऊ हळूच म्हणाले, "एक खोलली होती म्या."

"गाभा काढला?"

"काढल्याबिगर दिसन कसं?"

"गेली मंग ती. गाभ्यात चुंबक असते, बाहेर काढलं की त्याचा जोर उतरते. नवी मागवा."

त्यांनी चाराचे दोन केले. उभं असताना अर्धीच वीज जाईल, असं एक बटन पौर्णिमाने सांगितलं, तेही दाबलं. तासाभराने हात लावला. मोटर गरम होतीच. त्यांनी घाईघाईने पुन्हा फोन केला. तिने तापमान मोजायला लावलं. अठ्ठावन्न अंश भरलं.

"बरोबर आहे, काका. एवढी तापतेच ती."

"तापते अन् बरोबर आहे?"

"हो."

आठवड्याने नवी मोटर आली. देवघराची एक जोडी दारं कोरून झाली, गिऱ्हाईक घेऊनही गेलं. तरी दर अर्ध्या तासाने शालिग्रामभाऊ उठून तिन्ही मोटरींवर हात ठेवून येत.

"समजलं ना आता?" तुळसाबाईंनी विचारलं.

"पौर्णिमा सांगते तवा समजते," ते म्हणाले. "हात लावला का पुन्हा वाटते, काईतरी चुकून राह्यलं."

तेवढ्यात धनज गावाहून कोणीतरी पंपाची जळकी मोटर घेऊन आलं. झाकण उघडायच्या आतच शालिग्रामभाऊंनी नाक जवळ नेलं आणि म्हणाले, "बेअरिंग जाम झाली होती हिची." आणि ते पाना शोधायला उठले.