आक्कांचे अर्थ नसलेले शब्द

आक्का फळ्यावर अर्थ नसलेले शब्द लिहायच्या. 'टिसूल', 'बकेम', 'मागोप'. खानापूरजवळच्या एका मराठी शाळेत मी नवी रुजू झाले, तेव्हा पहिल्याच सकाळी दुसरीच्या वर्गात हे पाहून मला वाटलं, या बाईंचं काहीतरी बिनसलंय. त्यांनी ते माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं. म्हणाल्या, "धडा समद्यास्नी तोंडपाठ हाय गं. चित्र बघून घडाघडा बोलत्यात. कधी न ऐकलेला शब्द वाचला, तर वाचलं म्हणायचं."

मग त्यांनी भाग्या नावाच्या मुलीला उभं केलं. मोराचा धडा तिने खणखणीत म्हटला, पण बोट एका शब्दावर आणि तोंड दुसऱ्यावर. 'टिसूल'पाशी ती अडली. आक्कांनी तिला जवळ घेतलं, ट वेगळा, वेलांटी वेगळी करून दाखवली. बऱ्याच वेळाने 'टि' निघाला. तेवढाच. आक्कांनी वहीत लिहिलं, 'भाग्या : पहिली वेलांटी जमली. उकार अजून नाही.' तपासणीच्या तक्त्यात मात्र एकच प्रश्न असे : वाचता येते का, हो की नाही.

त्या वर्षी वरून तोंडी निरोप आला, एकही 'नाही' नको. आधीच पटावर मुलं कमी. निकाल वाईट दिसला तर शाळा बंद होईल. मुख्याध्यापक म्हणाले, "शाळा ऱ्हायली पायजे, आक्का."

"ऱ्हाऊ दे की, सर. पर येतंय म्हणून लिवल्यावर त्या पोरीला पुढं कोण शिकवील?"

आक्कांनी त्या तक्त्यावर सही केली नाही. महिन्याभरात त्यांची नंदगडकडे बदली झाली आणि दुसरीचा वर्ग माझ्याकडे आला. तक्ता मी भरला. भाग्यापुढे 'हो' लिहिताना हात क्षणभर थांबला, एवढंच. शाळा पुढे तरीही बंद पडली.

भाग्या पाचवीला खानापूरला गेली. तिथे तिला वर्गापुढे वाचायला उभं केलं, तर एक ओळही वाचता येईना. दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत गेलीच नाही. तिची आई मला बाजारात भेटली. भांडली नाही. "बाई, तुमीच लिवलं व्हतं न्हवं, हिला वाचाय येतंय म्हणून? आमी लई खूश झालतो."

मी तशीच आक्कांकडे गेले. निवृत्तीनंतर त्या अंथरुणाला खिळल्या होत्या. सगळं सांगितलं. वाटलं, म्हणतील, तुझा नाइलाज होता.

"तुला म्हाईत व्हतं की," त्या म्हणाल्या.

"आता काय करू, आक्का?"

"पोरीकडं जा. मला काय इचारतीस?"

मी गेले. भाग्या परसात भांडी घासत होती. मला बघून उठली आणि आत गेली. दुसऱ्या खेपेला तिची आई उंबऱ्यातच म्हणाली, "आता नगा येऊ, बाई. तिला लाज वाटती."

हे सांगायला मी आक्कांकडे गेले, तर दारात माणसं जमली होती, तिरडी बांधत होती.