पाण्याची रेघ

लघवीची घनता मोजणारी काचेची नळी मी लॅबमध्ये रोज सकाळी आधी शुद्ध पाण्यात तरंगत सोडते. ती अंगावर आखलेल्या शुद्ध पाण्याच्या रेघेवर थांबली की दिवसभर तिच्यावर विश्वास ठेवायचा. आज नमुना आमच्या ह्यांचा होता. किडनी सावरत असेल तर आकडा हलायला हवा, पण तो कालच्याच जागी. मेली नळीच बिघडली असणार! मी ती धुऊन पुन्हा शुद्ध पाण्यात सोडली. वाईट बातमी आली की माणूस आधी काट्यावर, घड्याळावर, डॉक्टरवर संशय घेतो.

बाहेरच्या बाकावरून ह्यांनी विचारलं, "काय गं, हलला का आकडा?"

मी वाकून बघत होते. इतकी वर्षं जिच्या बिनचूकपणावर माझी नोकरी चालली, तिनं आज एकदाच चुकावं.

नळी डुलली, आणि अगदी रेघेवर येऊन थांबली.