शेवग्याचं सोटमूळ

कुरुळीतल्या आमच्या घराच्या कुंपणाला लागून आईचा शेवगा होता आणि पलीकडे गॅरेजचा पत्रा. गॅरेजवाला सालस माणूस. एकदा मला म्हणाला, "सर, वाऱ्यात झाड फार झुकतंय. मी दिवसभर याच्याच खाली बसतो. पडणार नाही ना? नाहीतर तोडून टाकू."

आई ओट्यावर शेंगा सोलत होती. तिचा चेहरा उतरला. आमचं शेत कंपनीत गेलं, तेव्हा बांधावरच्या शेवग्याचा तेवढा वंश तिने घरी आणला होता.

मी शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळे उत्तर माझ्या खिशातच असतं. एक पान उजेडासमोर धरून त्याला दाखवलं. शिरांची जाळी दिसते, म्हणजे खाली सोटमूळ, सरळ खोल गेलेलं. गवतासारख्या समांतर शिरा असत्या, तर वरवर पसरलेली तंतुमुळं. "बिनधास्त बसा," म्हणालो. माती न उकरता मूळ ओळखल्याचा मला भलताच आनंद झाला. आई पुन्हा शेंगा सोलू लागली.

वैशाखात एका दुपारी वावटळ उठली आणि झाड पत्र्यावर आडवं झालं. गॅरेजवाला नेमका चहाला गेला होता. त्याचं स्टूल पत्र्याखाली चेपून गेलं होतं. मी उपटलेल्या बुंध्यापाशी बसून सोटमूळ शोधत राहिलो. नुसता बारीक मुळ्यांचा झुपका होता.

"बी न्हाई लावलं, फांदी खोचली व्हती," आई म्हणाली. "फांदीला कुठनं येनार तुजं सोटमूळ?"

"मग तेव्हा का नाही बोललीस?"

"तू म्हनलास पडत न्हाई. झाड ऱ्हात व्हतं. मी कशाला बोलू?"

मला तिचा राग आला. पण पानाला विचारलं आणि लावणारीला नाही, ही चूक माझीच होती. गॅरेजवाल्याने करवत आणून फांद्या कापल्या. त्याने चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

त्यातली हातभर फांदी आईने आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीशी खोचली. कुंपणापलीकडून तो बघत होता. मी पुढे झालो, पण त्याने माझ्याकडे पाहिलंच नाही.

"काकू, हे पडणार नाही ना?"

आई माती दाबत म्हणाली, "पडंल की. पन आता आमच्याच घरावर."