कतरीनबायच्या समोरची दारं

विरारजवळच्या आमच्या निर्मळात पेटीवाले काका कोणाशी मान वर करून बोलत नसत. मेलेल्यांच्या पेट्या करणारा माणूस आपल्याला न्याहाळतोय म्हटलं की भल्याभल्यांचा जीव खालीवर होई. म्हणून ते बापडे समोरच्याच्या पायांकडे बघून बोलत. नजरेला नजर देत ती फक्त माझ्या वडिलांच्या. म्हणत, "तुमी हिंदू मानसं, तुमच्याकडं माजा धंदा नाय. म्हनून तर दोस्ती!"

अंगणापलीकडे त्यांची कामाची खोली होती. तिची दारं खाऱ्या वाऱ्यानं खालून कुजलेली, एक फळी तर पार गळून पडलेली. काकांना त्याची फिकीर नव्हती. "पेटी कोन चोरतो?" असं म्हणून मोकळे होत.

नव्वद सालानंतर कधीतरी त्यांची बायको, कतरीनबाय, अंथरुणाला खिळली. हवा लागावी म्हणून तिची खाट पडवीत टाकली. तिथून सरळ समोर ती खोली. मी केळी द्यायला गेलो तेव्हा ती काकांना विनवत होती, "अवो, दारं नवी करा. डोळे उघडले की पेटीच दिसते."

मग काका दारांच्या मागेच लागले. बोळिंजला जुनी घरं मोडून बिल्डिंगा उठत होत्या. तिथली सागवानी दारं बघायला गेले आणि भाव ऐकून सायकल वळवून परत आले. विरारला पत्र्याची पाहिली, तीही झेपेनात, कारण औषधांनीच कंबर मोडली होती. शेवटी त्यांनी माळ्यावरच्या फणसाच्या फळ्या खाली काढल्या. अंगणातलं झाड पडलं तेव्हा दोघांच्या पेट्यांसाठी राखून ठेवलेल्या त्या फळ्या. वडिलांनी अडवलं, तर म्हणाले, "मेल्यावर आमाला कसलं बी लाकूड चालंल. हिला दार आता पायजे." जुन्याच बिजागऱ्या घासूनपुसून बसवल्या. फट म्हणून राहू दिली नाही.

मला वाटलं, आता बाई सुखानं झोपेल. कसलं काय! ती दिवसेंदिवस खचतच गेली. दारांआडून रंधा, हातोडी ऐकू आली की तोंडातला घास तसाच राही. एकदा माझ्यादेखत काकांनी खोदून विचारलं, तेव्हा म्हणाली, "उघडं व्हतं तवा दिसायचं, कोनाची हाय, केवढी हाय. आता आत वाजली की माजीच वाटते."

काका पडवीच्या खांबाला टेकून खाली बसले आणि रडले. मलाही आवरेना.

दुसऱ्या दिवसापासून दारं सताड उघडी. काम हाती घेतलं की काका तिथूनच ओरडून सांगत, "कतरी, ही वरच्या आळीतल्या म्हाताऱ्याची गे!" ती हात हलवी, चार घोट पेज घेई. मरणाची अशी दवंडी ऐकून कोणाला बरं वाटत असेल, यावर माझा विश्वास बसला नसता. पण तिला बरं वाटे, आणि तिच्यापायी आम्हालाही.

पावसाळा सरता सरता ती गेली. वखारीतून फळ्या आल्या, मदतीला माणसं जमली. काकांनी कोणालाही आत घेतलं नाही. दारं आतून लावून घेतली. आम्ही अंगणात उभे होतो. आत फळ्या सरकल्या. मग त्यांचा आवाज आला, नेहमीसारखाच मोठ्यानं.

"कतरी, ही तुजी गे."