फियाटची बॅटरी संपवतं कोण?

एखादी गोष्ट बिघडली एवढं ऐकून सिंधू पांढरीपांडेचं कधी भागलं नाही. का बिघडली, हे कळेपर्यंत बाईला चैन पडत नसे. कुकरची शिट्टी अडकली, काढ आणि बघ. शेजारणीच्या मिक्सरला जळका वास आला, तो मागून आण. अमरावतीहून बी.एस्सी. होऊन ती लग्नानंतर भोपाळला आली, पिपलानीच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये रमली, आणि त्या पदवीचा उपयोग म्हणाल तर हा एवढाच. नवरा विश्वास कारखान्यात इंजिनिअर. तो तिला ‘जासूस’ म्हणायचा. कौतुकानंही तेच आणि वैतागूनही तेच.

त्या हिवाळ्यात त्यांची जुनी फियाट रुसून बसली होती. विश्वास कारखान्यात स्कूटरवर जायचा, त्यामुळे गाडी आठवडाभर मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आणि रविवारी बाजारासाठी बाहेर. पण रविवारी किल्ली फिरवावी तर नुसतं ‘खर्रर्र’ करून गप्प! मग काय, ओळीतले सगळे पुरुष धक्क्याला हजर. दासबाबू लुंगी खोचून, नायर दाढीचा साबण तसाच गालावर ठेवून, समोरचे नारायणराव डबीर हुकूम सोडत. बायका फाटकाशी उभ्या राहून दात काढायच्या. सगळ्यांना फार मजा यायची, एक विश्वास सोडून.

“लोकांसाठी टर्बाइन बनवतो मी, आणि माझ्या गाडीला धक्का!” एका रविवारी तो पिशव्या आपटून म्हणाला. “बस झालं. बॅटरी मेलीय, वायरिंग सडलंय. कोलार रोडचे एक गृहस्थ येत्या रविवारी येताहेत. देऊन टाकतो.”

सिंधूला हे कुठून पटायला! दिवाळीतच तिला लायसन्स मिळालं होतं. शहराबाहेर पार मिसरोदपर्यंत स्वतः गाडी चालवत गेली होती ती, आणि त्या दिवशी आपण काय वाट्टेल ते करू शकतो असं तिला वाटलं होतं. हे ती कुणाला बोलली नव्हती. बोलली असती तर लोक हसले असते.

“अहो, पण बॅटरी मेलीय हे तुम्ही कशावरून ठरवलंत? तपासलीत?”

“तपासायचं काय त्यात? चालू होत नाही ना!”

“आणि मी कारण शोधून दिलं तर?”

“तर राहील गाडी,” विश्वास म्हणाला, आणि पेपर तोंडासमोर धरला. विषय संपला, असं त्याला वाटलं. किती भोळा माणूस!

सोमवारी विश्वास कारखान्यात, पोरं शाळेत गेली आणि सासूबाई पोथी घेऊन बसल्या, तशी सिंधूनं शेड उघडली. बॅटरीच्या टोकांवर पांढरी भुकटी साचली होती. तारा सोडवून तिनं ती खाण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यानं धुतली, पुसून कोरडी केली, व्हॅसलीन लावलं. सहाही झाकणं काढून आत डोकावली. दोन कप्प्यांत पाणी आतल्या शिशाच्या पट्ट्यांच्या खाली गेलं होतं, तिथे डिस्टिल्ड वॉटर घातलं. मग रिक्षात घालून बॅटरी बाजारातल्या दुकानात चार्जिंगला दिली आणि दुसऱ्या दिवशी परत आणली. नारायणरावांकडे आम्ल तपासायची काचेची पिचकारी होती. आत एक तरंगणी असते. ती हिरव्या पट्ट्यापर्यंत वर आली तर बॅटरी भरलेली, पांढऱ्यावर आली तर अर्धवट, लाल म्हणजे संपलेली. सिंधूनं एकेका कप्प्यातलं आम्ल ओढून पाहिलं. सगळीकडे हिरवं!

“मेलेली म्हणे!” ती मोठ्यानं म्हणाली.

म्हणजे बॅटरी धडधाकट होती आणि तरी संपत होती. उभ्या गाडीत वीज कुठे मुरतेय की काय? त्यासाठी तिनं एक सोपी युक्ती केली. बॅटरीच्या ऋण टोकाची तार काढली, आणि ते टोक आणि तार यांच्या मध्ये एक छोटा बल्ब जोडला. गाडीतून थोडाही करंट जात असेल तर बल्ब लागायला हवा. दार उघडलं, आतला दिवा लागला, बल्बही मिणमिणला. म्हणजे युक्ती बरोबर होती. दार लावलं, तर बल्ब ठार काळा. वायरिंगही निर्दोष!

तिनं तारा पुन्हा जोडल्या. दुसऱ्याच दिवशी पाहते तर तरंगणी हिरव्यावरून खाली घसरलेली. आता मात्र तिचं डोकं गरगरायला लागलं. गाडी चोर नाही, बॅटरी चोर नाही. मग राहिलं कोण? माणूस! पोरांना दरडावून विचारलं, तर ती म्हणाली, “कसम से आई, हम तो उधर जाते ही नहीं.” पोरांचं मराठी हे असं. त्यांच्यावर विश्वास ठेवायला हरकत नव्हती, कारण टीव्ही सोडून ती कुठे हलतच नसत.

मग तिनं सकाळी एकदा, दुपारच्या चहानंतर एकदा असं आम्ल तपासायला सुरुवात केली. दिवसभर तरंगणी जागची हलत नव्हती. पण चहानंतरच्या आणि दुसऱ्या सकाळच्या मापात फरक पडायचा. शुक्रवारी अंधार पडता पडता ती पिचकारी घेऊनच शेडकडे गेली.

फियाटच्या काचांतून पिवळा उजेड येत होता. पुढच्या सीटवर शाल पांघरून तिच्या सासूबाई, कमलिनीबाई बसल्या होत्या. रोज या वेळी त्या देवळात प्रवचनाला म्हणून जायच्या. गाडीची एरियल पूर्ण वर ओढलेली, आणि खरखरत्या रेडिओवर आकाशवाणी नागपूर!

“आई!”

कमलिनीबाई दचकल्या. चोरी पकडल्यासारखा त्यांचा चेहरा पडला. “अंधारलं की नागपूर लागतं गं इथे. दिवसा नाही लागत. घरात त्या टीव्हीपुढे ट्रान्झिस्टर नुसता कोकलतो.” मग त्यांनी सिंधूचा हात धरला. “विश्वासला नको सांगू. म्हणेल, आईला घरात काय कमी केलं मी, की गाडीत जाऊन बसते? लागेल त्याला.”

सिंधूनं मान हलवली. हलवली खरी, पण त्या रात्री ती तळमळत होती. कारण हाताशी होतं, आणि ओठांवर आणायची सोय नव्हती!

रविवारी कोलार रोडचे गृहस्थ आले. आदल्या दिवशी सिंधूनं बॅटरी पुन्हा चार्ज करून आणली होती. किल्ली फिरवताच गाडी सुरू! धक्क्याला जमलेली मंडळी चक्क हिरमुसली.

“वा, जासूस!” विश्वास खुलला. “मग? कारण काय निघालं?”

सिंधू पदरानं बॉनेट पुसायला लागली.

“अगं, सांग ना. नाहीतर पुढच्या रविवारी परत तेच. कारण कळल्याशिवाय मी ठेवणार नाही हं गाडी.”

सिंधूनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. डोळ्यांत पाणी आलं ते तिचं तिलाच आवडलं नाही. “नाही सापडलं,” ती म्हणाली. “द्या विकून.”

नारायणरावांनी तोंड उघडंच ठेवलं. सिंधूला कारण सापडलं नाही! गृहस्थ लगबगीनं म्हणाले, “तो फिर बात पक्की, भाईसाहब?”

“थांबा हो!” कमलिनीबाई ओट्यावरून उतरल्या. साऱ्या ओळीसमोर, डोक्यावरची शाल सावरत. “तिला सापडलंय. मीच संपवते ती बॅटरी. रोज दिवे लागल्यावर आत बसून रेडिओ ऐकते.”

विश्वासचा चेहरा उतरला. अगदी त्यांना भीती होती तसाच. “गाडीत? एकटी? आई, घर आहे ना तुझं…” गृहस्थांना त्यानं हात जोडले, आणि ते कुरकुरत निघून गेले.

संध्याकाळी त्यानं किल्ली सिंधूच्या हातात ठेवली. “इंजिन चालू असलं की बॅटरी भरत राहते ना? मग चालव तू. रेडिओ लागू दे.” आई पुढे बसली, तो मागे. पिपलानीच्या रस्त्यांवरून सिंधू बेतानं गाडी नेत राहिली. खरखरीतून गाणी झाली, बातम्या झाल्या, आणि निवेदक कापसाचे भाव सांगू लागला.

“बदलू का, आई?” सिंधूनं विचारलं.

“छे, छे! त्यासाठीच तर बसते मी.”

“कापसासाठी?” विश्वास मागून म्हणाला. “आपल्याकडे शेती कधी होती?”

“भाव कोण ऐकतो रे? गावं ऐकते मी. गप्प बस.”

वरूड, मोर्शी, अचलपूर, निवेदक एकेक नाव घेत गेला. मग म्हणाला, दर्यापूर. कमलिनीबाईंचं माहेर. तिथे आता त्यांचं कुणी उरलं नव्हतं.

“हो,” त्या रेडिओला हळूच म्हणाल्या, कुणी हाक मारल्यावर ओ द्यावी तशा.

सिंधूनं आरशात पाहिलं. विश्वास खिडकीबाहेर बघत होता आणि मनगटानं डोळे पुसत होता. समोर क्वार्टरचं वळण आलं.

“वळू नकोस,” तो म्हणाला. “अजून एक चक्कर मार.”