टेरिलीनची नळी

"सिस्टर, ही नळी आखूड आहे," सर्जनसाहेब म्हणाले.

रघुनाथची मांडी उघडलेली, रक्तवाहिनी चिमट्यात धरलेली. मी नळी मोजली. दोन बोटं आखूड, वर अरुंदही.

साठच्या दशकात मी बंगळूरच्या एका हॉस्पिटलात थिएटर सिस्टर होते. रघुनाथ निपाणीकडचा, इथल्या कारखान्यात लेथवर. विड्या ओढून ओढून त्याच्या मांडीतली रोहिणी, म्हणजे पायाला रक्त नेणारी वाहिनी, बंद झालेली. पायाचं एक बोट काळं पडलं होतं. "अक्का, बोट गेलं तर सरी, चालेल," तो म्हणाला होता, "पाय तेवढा ठेवा. लेथपाशी दिवसभर उभं राहावं लागतं."

उपाय बायपासचा. बंद जागेला वळसा घालून दुसरी नळी जोडायची. तयार नळ्या परदेशात मिळत, आम्हाला कुठल्या मिळायला. म्हणून मी चिकपेटेच्या कापडबाजारातून शर्टाचं टेरिलीन आणलं आणि घरच्या मशीनवर दुहेरी टीप मारून सरांनी दिलेल्या मापाची नळी शिवली. मग ती ऑटोक्लेव्हमध्ये घातली. त्यात दाबाखालच्या वाफेने जंतू मरतात. सुती ब्लाउजचं कापड मी नेहमी आधी भिजवून आटवते. टेरिलीन आटत नाही, असं दुकानदार म्हणाला आणि मी मान डोलावली. पाण्यात नसेल आटत. वाफेत आटलं.

"वाफवल्यावर मी पुन्हा माप घेतलं नाही, सर."

"ते नंतर बोलू. दुसऱ्या पायाची शीर काढू या."

शिरेत झडपा असतात, त्या रक्त एकाच दिशेने, वर हृदयाकडे सोडतात. म्हणून ती खालचं टोक वर करून जोडायची. सरांनी हे तोवर फक्त वाचलेलं होतं. सहा तास लागले. शेवटी त्यांनी माझं बोट पावलावर ठेवलं. ठोका लागत होता. मला रडू आलं, ते मास्कमध्येच जिरलं.

बोट गेलं, पाय राहिला. काही महिन्यांनी रघुनाथ पेढे घेऊन आला, स्वतः चालत.

"अक्का, तुमच्या शिवणावर चालतोय बघा."

गप्प बसता आलं असतं. "नाही हो. ती तुमचीच शीर आहे. माझी नळी आखूड पडली."

त्याने पेढ्यांचा पुडा पुन्हा उचलला. "मग पेढे परत नेऊ?"

पुढे कळलं, मांडीत कापडापेक्षा स्वतःची शीरच जास्त टिकते. सर चेष्टेत याला 'सिस्टरचा शोध' म्हणायचे. मला ते कधी आवडलं नाही. त्या दिवशी शीर खराब निघाली असती, तर तो पाय माझ्या हातून गेला असता.